भिंतीपलीकडचे भिडू

सुट्टीत मुलांनी काय करावे याविषयी वडीलधाऱ्यांची मते फार ठाम असतात, आणि मुले ती फार क्वचित ऐकतात. मी मराठीचा प्राध्यापक. त्यातून वयाची पंचेचाळिशी मागे पडलेली. दिवाळीत मुलांनी किल्ला करावा, आकाशकंदील चिकटवावा, अंगणात विटीदांडू मांडावा आणि दमल्यावर दिवाळी अंक उघडावा, असा माझा कित्येक वर्षांचा आग्रह. मोबाईलवरचे खेळ म्हणजे पोरांना एकलकोंडे करणारी अवदसा, हे मत मी वर्गातही पुष्कळदा बोलून दाखविले आहे. २०२४ च्या दिवाळीत माझ्याच घरी जे घडले, त्यामुळे हे मत मला थोडे दुरुस्त करून घ्यावे लागले. ती हकीकत सांगतो. आणि ज्यांच्या घरी या सुट्टीत चार मुले जमणार आहेत त्यांना उपयोगी पडेल अशी थोडी माहितीही देतो.

आमचे गाव वरवंड. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की यवत मागे पडल्यावर आणि पाटस येण्याच्या आधी ते लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक इथला व्हिक्टोरिया तलाव आणि दुसरी तुकोबांची पालखी. आषाढीच्या वाटेवर यवतचा मुक्काम आटोपून पालखी वरवंडला येते, एक रात्र विसावते आणि पुढे उंडवडीकडे निघते. त्या रात्री गावात ज्याच्या घराला ओसरी आहे त्याच्या ओसरीवर वारकरी असतात.

आमच्या घरालाही ओसरी होती आणि ती चांगली सात खणांची होती. ‘होती’ म्हणण्याचे कारण असे की, २०१४ साली माझी व वडील बंधूंची वाटणी झाली आणि त्या ओसरीच्या मधून भिंत गेली. शेत वाटले, गोठा वाटला, भांडीकुंडी वाटली. विहीर तेवढी वाटता येईना म्हणून ती सामाईक राहिली, आणि सामाईक राहिली म्हणूनच भांडणाचे मूळ झाली. मोटारीची पाळी कुणाची, उन्हाळ्यात ती तीन दिवसांची की चार दिवसांची, यावरून दादांचे व माझे जे एकदा बिनसले ते बिनसलेच.

आमचे वडील, तात्या, ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ते एक महिना माझ्याकडे आणि एक महिना दादांकडे असतात. भिंतीला दार नाही. त्यामुळे महिना सरला की तात्या आपली काठी आणि पिशवी घेऊन माझ्या दारातून रस्त्यावर उतरतात, पंधरा-वीस पावले चालतात आणि दुसऱ्या दारातून त्याच घरात शिरतात. पोरांना मात्र भिंतीचे बंधन कधीच नव्हते. फराळाची ताटे त्यांच्याच हातून इकडची तिकडे जात. मोठी माणसे एकमेकांच्या उंबऱ्यावर चढत नसत, एवढेच.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे इंटरनेटची तार आली. महाविद्यालयाची निम्मी कामे आता त्या तारेवाचून होत नाहीत. तारेबरोबर राउटर नावाची एक लहानशी पेटी आली. ती बसवायला आलेल्या मुलाने मला समजावून सांगितले, “सर, यातून दोन जाळी निघतात. एक घरचं आणि एक गेस्टचं, म्हणजे पाहुण्यांचं. आल्यागेल्याला घरचा पासवर्ड देऊ नका, गेस्टचा द्या.” सल्ला शहाणपणाचा होता. पुढे आठ-पंधरा दिवसांनी वहिनींनी पुतणीकरवी निरोप धाडला, “पोराचा फॉर्म भरायचाय, तुमचं वायफाय चालंल का?” मी मोठ्या मनाने ‘हो’ म्हटले आणि पाहुण्यांच्या जाळ्याचा परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून पाठविला. त्या चिठ्ठीवर पुतण्याचे अर्ज भरले गेले, निकाल पाहिले गेले. आपण भावाच्या मुलांसाठी काहीतरी केले म्हणून मलाही बरे वाटले. त्यात काही खटकण्यासारखे आहे, हे दीड वर्ष माझ्या ध्यानातही आले नाही.

आता खेळाकडे वळतो. माझा मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. दादांचा मुलगा पदविका अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आणि मुलगी नववीत. या चौघांनी त्या दिवाळीत ठरविले की, सगळ्यांनी मिळून एकाच वेळी ‘माइनक्राफ्ट’ खेळायचा. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात सारे जग ठोकळ्यांचे असते. माती, दगड, लाकूड, पाणी, सगळे ठोकळ्यांत. ते खणायचे, रचायचे आणि मनाला येईल ते उभारायचे. स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात बाहेर आला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनविणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली, आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या वस्तीविषयक संस्थेने २०१२ पासून या खेळाचा उपयोग खऱ्याखुऱ्या वस्त्यांच्या आखणीसाठी केला आहे. नैरोबीतील किबेरा या गरीब वस्तीतल्या लोकांनी आपले मैदान कसे असावे, हे आधी या ठोकळ्यांत रचून दाखविले होते. म्हणजे पोरखेळ म्हणून हसण्यावारी न्यावी अशी ही चीज नव्हे. माझे म्हणणे मात्र तेव्हा एवढेच होते की, किल्ला करायचा तर अंगणात मातीचा करा!

मुलांचा बेत साधा होता. पुतण्याच्या लॅपटॉपवर खेळाचे जग उघडायचे आणि इतरांनी आपापल्या मोबाईलवरून त्यात शिरायचे. चौघेही एकाच राउटरवर. मग अडचण कसली? पण नरकचतुर्दशीच्या दिवशी दुपारभर खटपट करूनही माझ्या मुलांना पुतण्याचे जग दिसेना. भिंतीच्या अलीकडून “दिसलं का?” आणि पलीकडून “न्हाई!” अशी आरोळ्यांची देवघेव चालली. शेवटी वामकुक्षीचा पार विचका झाला, तेव्हा मी उठलो.

अडचणी एकावर एक होत्या. त्या क्रमाने सांगतो, कारण आपल्या घरीही बहुधा याच येतील.

पहिली अडचण भिंतीची. आजचे बरेचसे राउटर दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिलीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहा. लहान लहर चपळ असते, पुष्कळ माहिती वाहून नेते. पण भिंतीत लवकर जिरते. लांब लहर थोडी मंद, पण भिंतीपार जाण्यात चिवट. आमचा राउटर मी चोरापोरी जाईल म्हणून लोखंडी कपाटामागे ठेवला होता. लोखंडाशी तर या लहरींचे हाडवैर. मुलाने तो काढून ओसरीच्या कोनाड्यात ठेवला. त्या कोनाड्यात माझ्या लहानपणी रॉकेलची चिमणी असे. राउटर उंचावर, मोकळ्यावर आणि घराच्या मध्याशी ठेवावा, हा पहिला धडा. आमच्या घराचा मध्य म्हणजे ती भिंतच, त्यामुळे कोनाडा अगदी सोयीचा निघाला.

दुसरी अडचण भाषेची. पुतण्याच्या लॅपटॉपवर या खेळाची ‘जावा’ नावाची आवृत्ती होती आणि मोबाईलवर ‘बेडरॉक’ नावाची. खेळ तोच, नाव तेच, दिसायलाही तसाच. पण या दोन आवृत्त्या एकमेकींशी बोलू शकत नाहीत. संगणकासाठी या दोन्ही आवृत्त्या २०२२ च्या जूनपासून एकत्रच विकल्या जातात, आणि पुतण्याने खेळ त्यानंतरच विकत घेतला होता. त्यामुळे ‘बेडरॉक’ त्याच्याकडे होतीच. ती फक्त उतरवून घ्यायची होती. खेळ कोणताही असो, सगळ्यांकडे एकच आवृत्ती आणि शक्यतो सारखीच ताजी आवृत्ती असली पाहिजे. हा दुसरा धडा.

एवढे करूनही जग दिसेना. तेव्हा पुतण्या रस्त्याने फिरून आमच्या दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, “काका, आता आलं लक्षात. आम्ही गेस्टवर आहोत ना, म्हणून तुम्हाला दिसत नाही.”

पोराच्या मनात काही नव्हते. तो यंत्राविषयी बोलत होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून दिवसभर गेले नाही.

त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. पाहुण्यांच्या जाळ्यावर जो असतो त्याला इंटरनेट मिळते. सारे जग त्याला उघडे असते. अमेरिकेतले वर्तमानपत्र तो वाचू शकतो, जपानमधली चित्रफीत पाहू शकतो. परंतु त्याच घरात, भिंतीच्या अलीकडे बसलेले यंत्र त्याला दिसत नाही. पाहुण्याने घरात डोकावू नये म्हणूनच तशी योजना असते. अनोळखी माणसासाठी ती योग्यच आहे. मी ती सख्ख्या भावाच्या मुलांसाठी केली होती.

रात्री मी सौभाग्यवतीला सगळे सांगितले. माझी शंकाही सांगितली. माझ्या लॅपटॉपवर प्रश्नपत्रिका असतात, कामाचे कागद असतात. घरच्या जाळ्याचा शब्द पलीकडे द्यावा का? ती करंज्यांना मुरड घालीत होती. हात न थांबवता म्हणाली, “प्रश्नपत्रिकेला वेगळं कुलूप लावा की. फराळाचं ताट धाडतो आपण तिकडं, आणि एक शब्द धाडायला एवढा विचार?”

दुसऱ्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, मी माझ्या कागदांना कुलूप लावले आणि घरचा शब्द पुतण्याच्या हाती दिला. मग एकच अडचण उरली. नव्या जाळ्यावर गेलेल्या लॅपटॉपने ते जाळे ‘सार्वजनिक’ समजून आपले दरवाजे लावून घेतले होते. बसस्थानकावर किंवा उपाहारगृहात ही सावधगिरी बरी. घरी मात्र त्याला ‘हे खाजगी जाळे आहे’ असे सांगावे लागते. तेही सांगून झाले. खेळाच्या मांडणीत ‘याच जाळ्यावरच्या भिडूंना दिसावे’ अशा अर्थाची एक खूण असते, ती आहे ना हे पाहिले. आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी एकदम आरडाओरडा झाला. चौघेही एका माळरानावर उभे होते.

हे सारे चालते कसे, याचे मला कुतूहल वाटले. पुतण्याने ते समजावून दिले आणि मी ते माझ्या भाषेत मांडतो. राउटर आपल्या जाळ्यावरच्या प्रत्येक यंत्राला एक अंक देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. गंमत अशी की, हेच अंक माझ्या घरात आहेत, आपल्या घरात आहेत आणि लंडनमधल्या घरातही आहेत. प्रत्येक घरात एक ‘दादा’ आणि एक ‘ताई’ असते, तसाच हा प्रकार. घरात ‘दादा’ अशी हाक मारली की नेमका हवा तो माणूस ओ देतो. महामार्गावर उभे राहून तीच हाक मारली तर पन्नास जण वळून पाहतील. म्हणून हे अंक घरापुरतेच असतात, बाहेर चालत नाहीत. ज्याच्या यंत्रावर खेळाचे जग उघडलेले असते तो यजमान. इतरांची यंत्रे जाळ्यावर एक हाक देतात, “कुणी जग उघडले आहे का?” यजमानाचे यंत्र ओ देते आणि आपला घरगुती अंक सांगते. मग एकाने ठोकळा ठेवला की ती वार्ता राउटरमार्फत यजमानाकडे आणि तिथून बाकीच्यांकडे पोहोचते. घरातल्या घरात या फेरीला सेकंदाचे काही हजारांश पुरतात. दूरदेशीच्या यंत्रापर्यंत जाऊन यायचे तर शंभर-दीडशे हजारांशही लागतात. यजमान उठून गेला तर मात्र जग मिटते. म्हणून यजमानाचे यंत्र त्यातल्या त्यात दमदार असावे आणि चार्जरला जोडलेले असावे.

संगणक जोडून एकत्र खेळण्याची ही हौस तशी जुनी आहे. १९७३ च्या सुमारास नासाच्या एम्स केंद्रातल्या तरुणांनी दोन संगणक तारेने जोडून भुलभुलैयातली शिकार मांडली होती. १९९३ च्या डिसेंबरात ‘डूम’ नावाचा खेळ आला, तो चौघांना एका जाळ्यावर खेळू देई. त्याच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक हालचालीची दवंडी जाळ्यावरच्या यच्चयावत यंत्रांना पिटली जाई, त्यामुळे कचेऱ्यांची जाळी तुंबली आणि काही ठिकाणी खेळावर बंदी घालावी लागली! बिनतारी जोडणीचा पाया त्याआधीच, १९७१ साली, हवाई विद्यापीठाने बेटांवरचे संगणक रेडिओलहरींनी जोडून घातला होता. १९९७ साली या तंत्राचे प्रमाण ठरले, १९९९ साली ‘वायफाय’ हे नाव मिळाले. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी परवान्यावाचून वापरण्याची मुभा २००५ साली मिळाली. त्यानंतरच वायफायच्या पेट्या आपल्याकडे घरोघर सुखाने नांदू लागल्या.

असो. आता मुख्य गोष्ट.

लक्ष्मीपूजन झाले, फटाके झाले, आणि पाडव्याच्या सकाळपासून चौघांचे बांधकाम सुरू झाले. काय बांधायचे यावर आधी वाद झाला. पुतण्याला रायगड हवा होता, मुलींना राजवाडा. अखेर माझ्या मुलाने तोड काढली, “आपलंच घर बांधू. ते सगळ्यांना माहीत आहे.” मी आरामखुर्चीत बसून त्याच्या खांद्यावरून पाहत होतो. जोते झाले, दिंडी दरवाजा झाला, चौक झाला. ओसरी आली तेव्हा माझ्या मुलीने भराभर ठोकळे रचून तिच्या मधोमध भिंत उभी केली. कुणी सांगितले नव्हते. वाटणी झाली तेव्हा ती पाळण्यात होती. तिच्या लेखी जिथे ओसरी तिथे भिंत.

पलीकडून पुतण्या ओरडला, “ए, तिथं भिंत नको! जुनं घर बांधतोय आपण!”

“मग ओसरी कुठून कुठपर्यंत?” तिने विचारले.

या प्रश्नाचे उत्तर मुलांपैकी कुणाला नीट देता येईना. पुतण्याला पुसटसे आठवत होते. इतरांना काहीच नाही. तो महिना तात्यांचा माझ्याकडचा होता. ते शेजारीच घोंगडीवर बसले होते. त्यांना मोबाईलमधले काही दिसत नव्हते, पण प्रश्न ऐकू आला. ते म्हणाले, “सात खण. पयल्या खणात बाज असायची. तिसऱ्यात झोपाळा. शेवटच्या खणात बळदाचं तोंड.” मग मुले विचारीत गेली आणि तात्या सांगत गेले. माजघराला किती दारे, देवघर कोणत्या अंगाला, तुळया कशाच्या, परसातला आड कुठे. अर्धे तर मलाही ठाऊक नव्हते. पालखीच्या रात्री या ओसरीवर साठ-साठ वारकरी झोपत आणि पहाटे आमची आजी त्यांना भाकरी बांधून देई, हे तात्यांनी त्याच ओघात सांगितले. मुलीने भिंतीचे ठोकळे एकेक करून फोडले. त्या खेळात ठोकळा फोडायला एक क्षण पुरतो.

दुपारी जिन्याची वेळ आली. वाटणीत भिंतीला जागा करण्यासाठी आमचा जुना लाकडी जिना काढावा लागला होता. त्याला पायऱ्या किती, असे विचारता तात्या घुटमळले. मी म्हणालो, “बारा.” मुलांनी बारा पायऱ्या लावल्या. त्या जगात एक ठोकळा एक मीटरचा असतो, त्यामुळे माडी एकदम गगनाला भिडली! मग पुतण्याने अर्ध्या उंचीचे ठोकळे काढून ती खाली आणली. त्याच्या लॅपटॉपवर हे सारे पलीकडेही दिसत होते, आणि तो पाहणाऱ्यांत कोण बसले होते याची मला कल्पना नव्हती.

थोड्या वेळाने दाराशी वहाणांचा आवाज झाला. दादा उभे होते. दहा वर्षांत ते माझ्या दारात आले नव्हते. मी उठून उभा राहिलो. काय बोलावे ते सुचेना. ते माझ्याकडे न पाहता तात्यांकडे पाहत म्हणाले, “जिन्याला अकरा पायऱ्या व्हत्या. बारा न्हाई. सातवी फुटल्याली व्हती, मास्तर तिच्यावरनंच पडला व्हता.”

मास्तर म्हणजे मी. मी नोकरीला लागल्यापासून ते मला याच नावाने हाक मारीत. ती हाकही दहा वर्षांनी ऐकली. आणि मला ते पडणे आठवले. हनुवटीला खोक पडली होती आणि दादांनी मला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे पळविले होते. खोकेचा वण अजून आहे.

“दादा, बसा,” मी म्हणालो.

ते ओसरीच्या कडेला, भिंतीला टेकून बसले. सौभाग्यवतीने चहा आणि फराळ आणून ठेवला. विहिरीचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही काढला नाही. आम्ही तासभर जिना, बळद आणि गोठ्यातली जुनी बैलजोडी यांवर बोललो. मुलांनी एक पायरी काढून टाकली. सातवी पायरी फुटकी कशी दाखवावी यावर त्यांची बरीच चर्चा झाली.

वाचकांना वाटेल की, मग भिंत पडली असेल आणि दोन्ही चुली एक झाल्या असतील. तसे काही झाले नाही. भिंत आहे तिथेच आहे. पाण्याच्या पाळीचा हिशेब अजून पुरता सुटलेला नाही. मात्र गेल्या उन्हाळ्यात आपली पाळी कधी, हे मला तिसऱ्या माणसाकडून कळले नाही. दादांनी स्वतः येऊन सांगितले, आणि मीही चार दिवसांचा हट्ट धरला नाही.

त्याच दिवाळीत आणखी एक गोष्ट कळली. भाऊबिजेच्या दिवशी रस्त्याच्या कडेला कुठेतरी तार तुटली आणि दोन दिवस इंटरनेट बंद पडले. माझी कामे अडली. मुलांचा खेळ मात्र जसाच्या तसा चालू होता! कारण त्यांच्या खेळाला बाहेरच्या जगाची गरजच नव्हती. राउटरला वीज असली आणि सगळे भिडू त्या एका जाळ्यावर असले की झाले. वीज गेली तर एकाच्या मोबाईलवरचे हॉटस्पॉट सुरू करून इतरांनी त्यावर यावे. तेही घरगुती जाळेच होते, आणि खेळ आधीच मोबाईलवर उतरवून घेतलेला असला तर इंटरनेटचा खर्च जवळजवळ पडत नाही. मात्र प्रत्येक खेळात ही सोय नसते. खेळ घेण्यापूर्वी तो ‘लोकल मल्टिप्लेअर’ किंवा ‘लॅन’ प्रकारे खेळता येतो का, हे पाहून घ्यावे.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. मोबाईलवरचा खेळ वाईट की चांगला, हा प्रश्न मी इतके दिवस चुकीचा मांडीत होतो. भिडू कोण आहे, हे आधी विचारायला हवे. मूल कोपऱ्यात बसून कुण्या अनोळखी माणसाशी मध्यरात्रीपर्यंत खेळते, किंवा जिंकण्याच्या आशेने पैसे लावते, तेव्हा आईबापांच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. पैसे लावण्याच्या ऑनलाईन खेळांवर तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून बंदी घातली. पण जो भिडू पलीकडच्या खोलीत आहे, ज्याचे ओरडणे कानांनी ऐकू येते, जो हरला तर रुसून जेवायला येत नाही आणि ज्याची समजूत आजीने घालायची असते, त्याच्याशी खेळलेला खेळ निराळा. तुकोबांच्या गाथेत फुगडी, टिपरी, विटूदांडू, चेंडूफळी अशा खेळांवरचे अभंग आहेत. मी ते वर्गात शिकवितो. फुगडीला समोर दुसरे कुणीतरी लागते. एकट्याची फुगडी होत नाही. पालखी ज्या गावी मुक्कामाला येते त्या गावच्या मास्तराला हे आठवीतल्या मुलाकडून शिकावे लागले.

याचा अर्थ दिवसभर मोबाईल हातात द्यावा असा नाही. आमच्याकडे आता नियम आहे. खेळ रोज एक तास, तो ओसरीवर, सर्वांच्या देखत. कानाला काही लावायचे नाही, कारण भिंतीपलीकडचे ऐकू आले पाहिजे. तास संपला की अंगणात. त्या दिवाळीत किल्लाही झाला, आणि तो मातीचा झाला.

ते ठोकळ्यांचे घर पुतण्याच्या लॅपटॉपवर जपून ठेवलेले आहे. २०२५ च्या आषाढी वारीत पालखी आली तेव्हा मुलांनी त्या ओसरीवर साठ वारकऱ्यांसाठी साठ पथाऱ्या घातल्या. खऱ्या ओसरीवर तीस इकडे आणि तीस तिकडे झोपले; भाकरी मात्र यंदा दोन्ही घरांनी मिळून एकाच चुलीवर केल्या. दोन चुली पेटवण्यापेक्षा तेच सोयीचे पडले, असे वहिनी म्हणाल्या.

या दिवाळीत आपल्याकडेही लेकी-सुना येतील, भाचरे-पुतणे जमतील आणि आल्याआल्या वायफायचा शब्द मागतील. तो देताना एवढे पाहावे की, आपण त्यांना कोणत्या जाळ्याचा शब्द देतो आहोत. आमच्या घरच्या जाळ्याचा शब्द आम्ही आता बदलला आहे. तो येथे सांगणे शहाणपणाचे नव्हे. त्यात अकराचा आकडा आहे, एवढेच सांगतो.